कोहळ्याच्या फुलावरचे ठिपके

कोंढ्याच्या घनश्याम हटवारला लग्नाच्या ऑर्डरी मिळेनाशा झाल्या, तेव्हा त्याने आपला जुना कॅमेरा उघडला आणि सेन्सरपुढची काच काढून टाकली. अतिनील प्रकाश तिथेच अडतो, हे त्याने वाचलं होतं. वडिलांच्या डार्करूममधलं भिंग पुढे बसवलं, त्यावर फक्त अतिनील प्रकाश आत सोडणारा काळा फिल्टर. आपल्याला नुसतं पिवळं दिसणारं फूल मधमाशीला कसं दिसत असेल, याचा अंदाज आता त्याला फोटोत येऊ लागला. मध कुठे आहे ते सांगणाऱ्या काळ्या खुणा फुलावर उमटत.

"भाऊ, नवरदेव सोडून माश्यायचे फोटो काढून राहिले म्हणे?" पानठेल्यावर गोपीचंद विचारायचा.

"माशीले जे दिसते, त्याचे."

"मंग अल्बम बी तिलेच द्या!"

घनश्यामही हसायचा. वीस वर्षं त्याने दुसऱ्यांचे चेहरे टिपले होते. एखादी गोष्ट जगात आपल्या नावाने ओळखली जावी, एवढंच त्याला हवं होतं.

या पावसाळ्यात ती सापडली. अंगणातल्या कोहळ्याच्या फुलांवर, गळ्याजवळच्या नेहमीच्या काळोखाखेरीज, प्रत्येक पाकळीच्या टोकाशी एकेक गोल काळा ठिपका होता. असा कोहळा कुठेच नोंदलेला नव्हता. भंडाऱ्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या तृप्ती मॅडमला त्याने फोटो पाठवले. "खरं निघालं तर लेखावर पहिलं नाव तुमचं," त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच येऊन धडकल्या.

वेलाशी वाकून त्यांनी भिंगातून पाहिलं. मग पाकळीवरून हलकेच बोट फिरवलं आणि ते बोट नाकाशी नेलं.

"घनश्यामजी, ही हळद आहे."

"हळद कुठून येईल, मॅडम?"

"मीच लावतो ना, बाई," ओसरीवरून त्याची आई देवकाबाई कौतुकाने म्हणाली. "हा घंटाघंटा फुलाकडे पाह्यत बसते. नजर लागली तं फळ धरन का? म्हणून पूजा झाली का पाची बोटं टेकवतो."

पिवळ्यावर पिवळी हळद डोळ्यांना दिसली नव्हती. पण हळद अतिनील प्रकाश शोषून घेते, म्हणून कॅमेऱ्याला ती काळी दिसली होती.

"सगळ्याच फुलायले लावतं का, माय?"

"सगळ्यायले कायले? तू ज्याच्यापुढं कॅमेरा मांडून आत येतं, त्यालेच."

कुंपणाजवळ पानाआड एक फूल उमललं होतं. त्याकडे त्याने अजून कॅमेरा वळवला नव्हता. त्याचा फोटो त्याने मॅडमसमोर काढला. गळ्याशी काळोख होता, पाकळ्या कोऱ्या.

"हे तर सगळीकडेच असतं," मॅडम हळूच म्हणाल्या. त्या त्याला दोष देत नव्हत्या, आणि तेच त्याला सोसवेना. चहा न घेताच त्या गेल्या.

"माह्या हातून काही चुकलं का रे?"

"नाही वं माय."

"मंग बाई अशी काहून गेली?"

त्याने आत जाऊन कॉम्प्युटर लावला. दोडका, शेवंती, झेंडू, तीन वर्षांची सगळी पिवळी फुलं याच अंगणातली होती. त्याने एकेक फोटो उघडून पाहिला. कोणती खूण फुलाची आणि कोणती आईच्या बोटाची, ते त्याला सांगता येईना. खरी असेल त्या खुणेवरही आता त्याचा विश्वास बसेना. तो एकेक फोटो पुसत गेला. देवकाबाई जेवायला हाका मारत राहिली, आणि मग तिनेही हाक मारणं सोडलं.