घासलेला नंबर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला तरी का सांगतोय? — ठाऊक नाही.

कर्जतच्या बाजारात माझं भांड्यांवर नावं घालायचं दुकान. अक्षर कोरलं की कडांना किंचित धार येते, नख फिरवलं तर अडकतं. घासलं की ती धार जाते — हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. दहिवलीचे तात्या भातशेती करायचे. त्यांचे वडील पोलीस पाटील होते. वडिलांचं जुनं विलायती रिव्हॉल्व्हर तात्यांकडे आलेलं, रीतसर परवान्याचं. एकदा ते घेऊन आले. "निस्तं तेल घाल रं. म्हातारी हाय ती, नटवू नको."

बंदुकीला हात लावायचा परवाना माझ्याकडे नव्हता. तरी ठेवून घेतलं. आणि नटवलं. गंजाचे ठिपके बघवेनात म्हणून — की नुसती हात दाखवायची हौस? पॉलिश पेपरने घासलं, मूळचा निळसर काळा रंग गेला, नवा चढवला. चकाकलं. नेताना तात्यांनी ते नुसतं उलटसुलट करून पाहिलं.

परवाना नवा करायला गेले, तेव्हा फौजदारांनी अडवलं. हत्यारावर ठोकलेला नंबर पुसट, रंग नवाकोरा. हत्यार चोरीचं असणार, असा संशय. कोरीव अक्षरांतलं कळतं म्हणून मलाच बोलावलं. तात्या समोरच्या बाकावर, टोपी मांडीवर.

"हा रंग मूळचा आहे का?"

मी नख फिरवलं. आकड्यांवरून ते सरळ घसरलं. कारखान्यात आधी पॉलिश करतात, मग नंबर ठोकतात. मूळचं असतं तर कडा लागल्या असत्या.

"नाही. घासून पुन्हा रंगवलंय."

"कुणी?"

इथे — इथेच. रिव्हॉल्व्हरबद्दल तोवर मी खोटं बोललो नव्हतो.

"काय कल्पना," मी म्हणालो.

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "मीच घासली, सायेब. गंज व्हता."

रिव्हॉल्व्हर जप्त झालं, परवाना गेला. बाहेर आल्यावर ते मला एवढंच म्हणाले, "सांगितलं व्हतं ना रं, नटवू नको."

का घेतलं अंगावर? माझं लग्न नुकतंच झालं होतं, म्हणून? विचारायची हिंमत झाली नाही. पारावरची पोरं त्यांना चिडवायची, "तात्या, तुमचा तरी नंबर खरा हाय ना?" ते पारावर बसेनासे झाले. खालापूरला त्यांच्या लेकीला सासरी टोमणे बसायचे — चोरीच्या हत्याराचे. मी दिसलो की मात्र तात्या हसायचे. त्या हसण्याची मला भीती वाटायची. ते गेले, तरी वाटते.

माझ्या लग्नात तात्यांनी दिलेली पितळी कळशी घरात आहे. तिच्यावरचं त्यांचं नाव मीच कोरलेलं. चिंचेने घासून घासून अक्षरं बुजत आलीत. पाणी भरताना नख फिरवतो. आता अडकत नाही. पुन्हा कोरावं म्हणून कोरणी हातात घेतो — आणि ठेवून देतो.