खसखशीएवढ्या गोगलगायी

आमच्या घरात वर्षातले आठ महिने उकडतं आणि तरी मधल्या खोलीतला पंखा बंद असतो. कलकत्त्याच्या बेहाला भागात राहून पंखा बंद ठेवणारं दुसरं घर मला दाखवा! कारण विचाराल तर आमची ही, म्हणजे सुनीती, तिथे सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून समुद्री गोगलगायींचे शंख निवडत बसलेली असते. खसखशीएवढे शंख. जरा वारा लागला की महिन्याभराचं काम फरशीवर.

लग्नाआधी ती सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. माझी नोकरी केंद्र सरकारची, बदल्यांची. तिसऱ्या वर्षी तिने राजीनामा दिला, माझ्यामागून चार शहरं फिरली आणि शेवटी कलकत्त्याला येऊन टेकली. मी तिला कधी थँक्यू म्हटलं नाही. आमच्या पिढीत बायकोला असं म्हणायची पद्धत नव्हती, असं सांगून मी सुटतो. खरं म्हणजे मला सुचलंच नाही.

इथल्या एका सरकारी संग्रहात समुद्राच्या वाळूच्या बरण्या धूळ खात पडल्या होत्या आणि निवडायला माणूस नव्हता. ही आपणहून जाऊन विचारून आली. त्याला एकोणीस वर्षं झाली. वाळू चाळायची, दोन केसांच्या ओल्या ब्रशने शंख उचलायचा, टोकाचा वेढा, अंगावरच्या रेघा, तोंडाची कड बघायची आणि ज्याला त्याला आपापल्या जातीत नेऊन बसवायचं. तांदूळ निवडायला बसल्यासारखी बसते, फक्त तांदूळ कधी संपत नाहीत. नवी वाळू आणायचं काम माझ्याकडे. बकखालीच्या किनाऱ्यावरून ओली पिशवी खांद्यावर टाकून मी इतक्या वेळा आलोय, की बसचे कंडक्टर मला ओळखतात.

मागच्या वर्षी केयूरने तिने निवडलेली एक काचनळी उजेडात धरली. हा इथेच जन्मलेला मराठी मुलगा, आता त्या संग्रहात शास्त्रज्ञ आहे. म्हणाला, "काकू, हे सत्तावन्न शंख कुठल्याच जातीत बसत नाहीत. नवीन जात आहे ही. आणि नाव मी तुमचंच देणार."

ही नुसती हसली. मी मात्र हवेत! महाराष्ट्र मंडळात प्रत्येकाला गाठून सांगितलं, पुण्याला बहिणीला फोन केला, वाटायची संदेश मिठाई कुठल्या दुकानातून घ्यायची तेही ठरवलं. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. पण मला खरंच वाटत होतं, की हिने माझ्यापायी जे सोडलं त्याची थोडी तरी भरपाई होतेय. गोगलगायीला का होईना, तिचं नाव लागतंय.

केयूरचा लेख छापायला जायला चार दिवस उरले होते. दुपारी हिने हाक मारली, "अहो, जरा येता?"

मी भिंगातून पाहिलं. मला काय कळणार! एक शंख दिसला.

"नव्या वाळूत सापडला," ती म्हणाली. "टोक बघा, त्या सत्तावन्नांसारखंच आहे. पण खालचे वेढे आणि कड आपल्या नेहमीच्या जातीची. हा मधल्या वयाचा आहे. म्हणजे ती नवी जात नाहीच. नेहमीच्या जातीचीच पिल्लं आहेत ती. मी वेगळी काढली, माझं चुकलं."

"असे किती सापडलेत?"

"हा एकच."

"मग मार फुंकर," मी म्हणालो.

हो, मीच म्हणालो. ती रागावली नाही. शेजारची वाटी उचलून तिने अलगद त्या शंखावर पालथी घातली आणि म्हणाली, "पंखा लावू नका." रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो शंख घेऊन आम्ही मेट्रोने संग्रहात गेलो. केयूरने बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, पोरगं आता चिडणार, एवढा लेख फुकट गेला. तर तो उठला आणि तिच्या पाया पडला. "काकू, छापून आल्यावर दुसऱ्या कोणी हे दाखवलं असतं, तर मी तोंड कुठे लपवलं असतं?"

तिथे जुनी चिठ्ठी फाडायची नाही असा नियम आहे. 'नवीन जात?' ही चिठ्ठी सत्तावन्नांच्या नळीत तशीच राहिली आणि तिच्यामागे हिच्या दुरुस्तीची चिठ्ठी गेली. मधल्या वयाच्या शंखाला वेगळी नळी मिळाली. त्याची चिठ्ठी हिने बारीक अक्षरात स्वतः लिहिली. मी भिंग घेऊन वाचायला वाकलो. ठिकाण, तारीख. ओळख पटवली: सुनीती मोडक. आणि त्याच्याखाली, गोळा केले: वसंत मोडक.

"अगं, मी तर फुंकर मार म्हणालो होतो," मी हळूच म्हणालो.

"वाळू तुम्ही आणलीत ना? मग तेच लिहायचं."

तिथेच, केयूरसमोर, मी तिला थँक्यू म्हटलं. सांगलीपासूनचं सगळं एकदम डोळ्यांत आलं आणि मी चिठ्ठीवर वाकलेलाच राहिलो.

"मागे व्हा बघू," ती म्हणाली. "शाई ओली आहे, चिठ्ठीवर थेंब पडेल."