चार शब्द कमी

घणानं आयुष्यातला पहिला ठोसा मारला तो मला. तो नऊ वर्षांचा, मी एकवीस. चेष्टेत त्याची टोपी पळवली, तर डाव्या हाताची अशी ठेवून दिली की माझा पुढचा दात आईच्या पायाशी जाऊन पडला. आई किंचाळली, मी रक्त थुंकत हसत सुटलो. म्हटलं, हा धाकटा भाऊ नाही, घण आहे घण! नाव चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून त्याचा डावा मला कधी म्हणजे कधीच चुकवता आला नाही. दिसायचाच नाही हो. लागला की कळायचं.

आमचं भंगारचं दुकान. दिवसभर तो हातोड्यानं जुन्या मशिनी फोडायचा, संध्याकाळी मागच्या शेडमध्ये मी त्याच्याकडून बॉक्सिंगची तयारी करून घ्यायचो. मी स्वतः अकरापैकी आठ लढती हरलेला माणूस. मार खाण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता. घणाचं उलटं. समोरचा वाकला तरी हा थांबायचा नाही. एकाची बरगडी मोडली तिचा आवाज मी कोपऱ्यातून ऐकला, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी.

मग बॉक्सिंग संघटनेनं कॉम्प्युटरची परीक्षा आणली. मोसमाच्या आधी, डोकं धड असताना, एकदा द्यायची. पडद्यावर एकेक करून बारा शब्द येतात, ते नंतर आठवायचे. लाल गोळा दिसला की बटण दाबायचं, निळा दिसला तर हात आवरायचा. मग एका बोटानं टकटक करायची, तिचा वेग मशीन मोजतं. पुढं कोणी डोक्याला मार लागून आडवा झाला, की तीच परीक्षा पुन्हा. आकडे पहिल्यापेक्षा घसरले, तर परवाना बंद.

आता आमच्यासारख्यांना यातली पळवाट सापडायला कितीसा वेळ लागणार? पहिल्याच वेळी मुद्दाम ढ व्हायचं! मग डोकं हललं तरी आकडे जुळतात. मीच पढवलं त्याला. "चार शब्द विसर. जास्त नको, संशय येईल. बटणही जरा उशिरा दाब."

"दादा, शाळेत हेच फुकट करायचो तेव्हा तू बदडायचास मला!"

गेला आणि आठ शब्द सांगून आला. जिना उतरताना मात्र बाराच्या बारा मला धडाधड म्हणून दाखवले. पोट धरून हसलो आम्ही.

तीन महिन्यांनी पाचव्या फेरीत एकाचा उजवा त्याच्या कानशिलावर बसला. घण तोंडावर आपटला, दातांवरचं रबर लांब उडालं. तरी उठला. मी तेव्हाच टॉवेल टाकून लढत थांबवायला हवी होती. नाही टाकला, हरामखोर मी. आणखी किती खाल्ले त्यानं, देव जाणे. पंचानं थांबवलं तेव्हा भुवई फाटून डोळा रक्तानं भरला होता आणि तो माझ्याच अंगावर धावून आला. मी कोण ते त्याला ओळखू येत नव्हतं.

दोन आठवड्यांनी पुन्हा परीक्षा. डॉक्टरांनी कागद बघितला. "पहिल्याइतकेच आकडे आहेत. लढू दे." पुढच्याच महिन्यात विजेतेपदाच्या पट्ट्याची लढत होती. त्या पट्ट्यासाठी तो आठ वर्षं हाडं झिजवत होता.

जिन्यात घण खुशीत होता. "दादा, गंमत बघ. या वेळी पुरा जोर लावला, घाम फुटला मला. तरी बरोब्बर आठच आले! जुळलं की नाही?"

मी त्याचा दंड धरला. म्हटलं, "म्हणून दाखव बघू ते आठ."

तो पायरीवर थांबला. तीन सांगितले. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "कसले आठ?"

त्याला खाली बाकावर बसवला आणि छत्री राहिली असं सांगून परत वर गेलो. डॉक्टरांना सांगितलं, "पहिली परीक्षा खोटी होती. मीच शिकवलं होतं त्याला." सांगताना रडलो, लाज वाटली नाही. त्यांनी सही केलेला कागद माझ्यासमोर फाडला.

चार दिवसांनी संघटनेचं पत्र आलं. परवाना कायमचा बंद. ते मुठीत चुरगाळून घण दुकानात शिरला. "तू सांगितलंस? माझ्या सख्ख्या भावानं?"

"हो."

पहिला उजवा पोटात बसला, मी तांब्याच्या तारांच्या ढिगात कोसळलो. कॉलर धरून उभा केला, दुसऱ्यानं नाक मोडलं. आवाज ओळखीचा होता. मग त्यानं डावा उचलला.

मला तो दिसला. खांदा वळला, कोपर वर आलं, मूठ निघाली, सगळं दिसलं. डोकं आपोआप बाजूला झालं आणि त्याची मूठ मागच्या पत्र्यावर आदळली. दोन्ही गुडघे कामातून गेलेला मी, आणि मी घणाचा डावा चुकवला.

त्यानं फुटलेल्या मुठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. चेहरा पांढरा पडला होता. "दादा, तू... कसा काय?"

"तेल सांडलंय खाली, पाय सटकला माझा," मी म्हणालो. "मार की. दम संपला?"

त्यानं पुन्हा डावा उचलला. या वेळी तर आणखी सावकाश आला. मी तोंड होतं तिथंच धरून ठेवलं.

दात गेला. मी रक्त थुंकलो आणि त्याला म्हणालो, "दिसलासुद्धा नाही रे."