पान साठवणारं बटण

वहिनी फिजिओथेरपिस्ट होत्या. सख्खी नणंद वहिनी म्हणायची, म्हणून अख्खी इमारत त्यांना वहिनीच म्हणे. मुली मार्गी लागल्यावर, पन्नाशीच्या तोंडावर, त्यांनी पीएचडीला नाव घातलं. विषय घेतला शिवणकाम करणाऱ्या बायकांच्या मनगटदुखीचा.

वाचन दांडगं होतं, पण वाचलेलं वेळेला हाताशी लागेना. एकदा मार्गदर्शक बाईंनी मसुद्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. "हे कुठे वाचलंत?" वहिनींनी जपून ठेवलेली लिंक उघडली, तर पानच गायब. बाई वाक्यावर काट मारून पुढे गेल्या. वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता लिंकांवर विसंबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. अख्खं पान उचलून संगणकातल्या संशोधनाच्या वहीत ठेवणारं एक्स्टेंशन घ्यायचं. ब्राउझरच्या कोपऱ्यात एक बटण येतं, ते दाबलं की झालं. निदान जाहिरातीत तरी तसंच होतं.

पहिल्या एक्स्टेंशनने पान साठवलं, पण 'कुकीज स्वीकारा'ची पाटी मजकुराच्या छाताडावर तशीच ठेवून. खालचं अक्षर दिसेल तर शपथ! दुसऱ्याने लेख कसा लख्ख दिला. वहिनी खूश होऊन धडाधड साठवत सुटल्या आणि मग लक्षात आलं, की त्याने तक्ते गाळलेत.

"अरे, तक्त्यासाठीच तर घेतला होता ना लेख!" त्या स्क्रीनवर ओरडल्या.

"कुणाशी भांडतेस?" नवऱ्याने आतून विचारलं. "घे की कुठलंही एक. एवढं काय त्यात?"

"तुम्ही चपला घ्यायला अख्खा बाजार पालथा घालता, तेव्हा मी बोलते का काही?"



तिसऱ्याने तक्ते, चित्रं, तळटीपा, सगळं घेतलं. वहिनींनी त्यावर जीव टाकला, सगळं वाचन त्यात भरलं. मग रविवारी नणंद आली. ती ग्रंथालयात कामाला होती. कौतुकाने दाखवलेली वही तिने नीट पाहिली आणि म्हणाली, "वहिनी, आत टाकता येतंय ते दिसलं. आता बाहेर काढून दाखव."

वहिनींनी बटण शोधलं, दाबलं. हाती आली फक्त शीर्षकांची यादी.

"उद्या या कंपनीने गाशा गुंडाळला तर?" नणंदेने विचारलं.

"गप्प बस गं जरा," वहिनी म्हणाल्या. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना.

शेवटी त्यांनी सगळ्यात किचकट लेख निवडला आणि उरलेल्या प्रत्येक एक्स्टेंशनला तोच खायला घातला. टिकलं एकच. दिसायला कळकट, पण पान पत्त्यासकट, तारखेसकट त्यांच्याच संगणकावर फाइल म्हणून ठेवणारं. शीर्षकं मात्र हाताने घालायची. वर जुनी सगळी पानं एकेक उघडून पुन्हा साठवायची. त्यातली काही तोवर इंटरनेटवरून नाहीशी झाली होती, आणि वहीतल्या प्रतींवर ना पत्ता होता, ना तारीख. अशा एका लेखाच्या लेखिकेला त्यांनी ईमेल करून तो मागितला, उत्तर आलं नाही. त्या लेखावर बेतलेला परिच्छेद त्यांनी दात-ओठ खात प्रबंधातून काढून टाकला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात एका आजोबांचा खांदा त्यांनी जरा जास्तच जोरात फिरवला. आजोबा कळवळले, "अहो मॅडम, मी काय केलंय?"

"काही नाही हो काका, चुकलंच माझं," वहिनी ओशाळून म्हणाल्या आणि आजोबांचा हात त्यांनी हळूच खाली ठेवला.