आच वाढवू की कमी करू

आमचे मामा काचेच्या बरण्या फुंकायचे. लांब नळीच्या टोकाला तापलेला काचेचा गोळा घ्यायचा आणि गाल फुगवून फुंकायचं, की झाली बरणी. फुंकून फुंकून गाल असे लोंबायला लागले होते की मामी म्हणायची, "तुमच्या गालात शेरभर पीठ मावेल." पण माणूस भारी भित्रा. रस्ता ओलांडायचा तर गाडी दिसेनाशी होईपर्यंत थांबायचे, तोवर दुसरी यायची.

अशा माणसानं मोठी भट्टी बांधायला घेतली, बरं का. औषधाच्या कंपनीवाल्यानं सांगितलं होतं, महिनाअखेरीला मोठी भट्टी पेटलेली दिसली तर वर्षभराच्या बाटल्या तुमच्याकडेच. मामांनी रस्त्यावरची दुकानाची खोली विकली आणि सगळं त्या भट्टीत घातलं.

आणि नेमकं तेव्हाच सरकार डळमळायला लागलं. आज पडतंय, उद्या पडतंय. विरोधातले तर बोंब मारून सांगत होते, आम्ही आलो की वस्तीतल्या सगळ्या भट्ट्या पाडणार, एक धुराडं ठेवणार नाही. मामांना वाटायचं, पेटवावी तर उद्या पाडतील, न पेटवावी तर बाटल्या दुसरीकडे जातील.

भट्टी बांधणारा मिस्त्री म्हातारा होता, तोंडाचा फटकळ. भट्टीत मूस बसवायची असते. मूस म्हणजे काच वितळवायचं मातीचं जाड भांडं, आत माणूस उकिडवा बसेल एवढं. ती बसवून मिस्त्री म्हणाला, "मालक, नीट ऐका. आठ दिवस आच जराजरानं चढवत न्यायची. नको असेल तर आत्ताच नको म्हणा, विटा विकून टाकू. पण मधेच कच खायची नाही. मूस माणसासारखी नसते, आच खालीवर झाली की तडकते. तिला काय ते एकच सांगावं लागतं."

मामी म्हणाली, "पेटवा हो. सरकार काय तुम्हाला विचारून पडणारे?"

पेटवली. तीन दिवस सुरळीत गेले. मग मिस्त्रीची लेक बाळंत झाली म्हणून तो दोन दिवस तिच्याकडे गेला. जाताना चारचारदा बजावून गेला, रोज भट्टीच्या तेलाचा नळ आणखी एवढाच उघडायचा, बोटभर, कमी नाही की जास्त नाही.

चौथ्या दिवशी दुपारी खिडकीतला रेडिओ बोलला, सरकारातली पाच माणसं फुटली. मामा भट्टीच्या शेडमध्ये गेले आणि नळ थोडा बंद केला. विझवली नाही हो, नुसती मंद केली. पडलंच सरकार तर तेल तरी वाचेल, एवढाच हिशेब. पाचव्या दिवशी सकाळी फुटलेल्यांतले दोघं परत आले म्हणे. मामा धावत गेले, नळ दुप्पट उघडला, कालचं भरून काढायला. दुपारी ऐकलं, सरकारातले मोठे साहेबच राजीनामा देणार. पुन्हा नळ कमी. शेजारचा न्हावी बातम्या ऐकायला यायचा, तो हसून म्हणाला, "मामा, सरकारपेक्षा तुमचा नळच जास्त फिरतोय!"

मामांना हसू कुठलं यायला. हात नळावर होता तेवढ्यात आतून आवाज आला. टक्. एवढासाच.

मामा मनाला म्हणाले, वीट असेल. नवी वीट वाजतेच. दारात मामी उभी होती. तिनं नळावरचा हात बघितला, तोंडाकडे बघितलं, आणि आत निघून गेली.

सहाव्या दिवशी मिस्त्री आला. भट्टीभोवती फिरला, नाक लावून हुंगलं, विटांवर हात फिरवला.

"कुणी हात लावला होता काय हो?"

"कोण लावणार? मीच तर होतो इथं."

आठव्या दिवशी न्हावी अर्धी दाढी सोडून ओरडत आला, "वाचलं! मामा, सरकार वाचलं! तुमच्या भट्टीला कुणी हात लावत नाही आता!" त्याच दिवशी कंपनीचा माणूस आला, पॉलिश केलेले बूट घालून. मिस्त्रीनं मुशीत काचेचा चुरा टाकला. वितळला, मधासारखा झाला. मामांच्या जिवात जीव आला. आता नळी बुडवणार, तर कंपनीचा माणूस दोन पावलं मागे सरकला. भट्टीच्या तळातून वितळल्या काचेची एक केशरी धार निघाली होती, सुतासारखी. बघता बघता करंगळीएवढी झाली आणि फरशीवरून सरळ त्याच्या बुटांकडे निघाली. त्यानं बूट बघितले, मग घड्याळ बघितलं, आणि "कळवतो" म्हणून निघून गेला.

मिस्त्री ओरडला नाही. हळूच म्हणाला, "मालक, काय सांगितलंत तिला?"

मामा नळी धरून उभे होते.

"दोन्ही," म्हणाले.

पुढे मामा जन्मभर जुन्या छोट्या भट्टीवरच बरण्या फुंकत राहिले. शेडमध्ये रेडिओ कधी येऊ दिला नाही. मामी स्वैपाकघरात लावायची. बातम्यांची वेळ झाली की मामा अंगणात येऊन उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून, आणि बाहेरूनच विचारायचे,

"पडलं का गं?"