फुगलेलं रबर

रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यात मी प्रोसेस इंजिनिअर म्हणून लागले. माझ्या वाट्याला आलेलं पहिलं स्वतंत्र काम म्हणजे प्लेट हीट एक्स्चेंजर निवडणं. रिॲक्टरमधून येणारा गरम, अल्कली मिसळलेला द्रव गार करायचा होता. नक्षी दाबलेले पातळ पोलादी पत्रे एकाला एक लावून लांब बोल्टांनी आवळायचे. एका फटीतून गरम द्रव जातो, शेजारच्या फटीतून थंड पाणी. दोन पत्र्यांच्या मध्ये कडेने गळती रोखणारी रबराची गॅस्केट. पत्रे किती लागतील, दाब किती पडेल, ही गणितं मी पेणला घरी जाऊनही करत बसायचे. पण सगळी मदार त्या रबरावर होती. गरम अल्कलीत टिकेल असं रबर मी निवडलं. यंत्र बसलं आणि कितीतरी महिने थेंबही गळला नाही.

मग मुंबईच्या ऑफिसात ठरलं, की त्याच लाइनवर दुसरा माल काढायचा. त्यात टोल्यूइन होतं, चटकन पेट घेणारं द्रावक. मी मॅनेजरांकडे गेले.

"सर, हे रबर टोल्यूइनमध्ये फुगतं. गॅस्केट जागेवर राहणार नाहीत."

"मग चालणारी मागव."

"ती परदेशातून येतात, वेळ लागेल. तोवर जुना कूलर जोडू या. माल कमी निघेल, पण धोका नाही."

ते काही वाईट माणूस नव्हते. माझ्यासमोरच त्यांनी मुंबईला फोन लावला, मी म्हटलं ते जसंच्या तसं सांगितलं. मग बराच वेळ नुसतं "हो साहेब, हो साहेब" चाललं. फोन ठेवून माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांभाळून चालवायचंय."

सांभाळायचं होतं ते ऑपरेटरने. पेणजवळच्या खाडीकाठचा माणूस, वयाने माझ्या काकांएवढा. घरचे सगळे मिठागरात. आम्ही एकाच कंपनी बसने ये-जा करायचो. नवा माल सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत सकाळी तो म्हणाला, "म्याडम, गलतंय. रबर पावासारखं भिजून वर आलंय."

बोल्ट आवळले की रबर आणखी बाहेर यायचं, ढिले ठेवले की धार वाढायची. मी पुन्हा मॅनेजरांकडे गेले, पुन्हा फोन झाला. नवी गॅस्केट निघाली आहेत, एवढंच कळलं. मग मी रोह्यातून पत्र्याचा आडोसा करून आणला आणि यंत्राभोवती लावला. माझ्या हातात तेवढंच होतं.

एका दुपारी ऑपरेटर गळती झेलायला खाली ठेवलेला ट्रे बदलायला वाकला आणि गॅस्केट सुटली. आडोशाच्या खालून गरम द्रवाची धार त्याच्या हातावर आणि मानेवर गेली. मी धावत पोचले तेव्हा तो ओरडत होता, "आधी पंप बंद करा!" पंप बंद करून आम्ही त्याला शॉवरखाली धरलं. नशिबाने आग लागली नाही.

रोह्याच्या दवाखान्यात संध्याकाळी त्याची बायको आली. मी कोण ते कुणीतरी तिला सांगितलं होतं.

"ताई, असं व्हनार तुमाला म्हाईत व्हतं?"

"हो."

"मंग?"

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. ते वाक्य तोंडातून निघालं आणि मला माझीच लाज वाटली. खरं होतं, तरीही. ती त्याच्या पायावरची चादर सारखी करत राहिली.

तोच खाटेवरून म्हणाला, "तिला काय इचारतेस गो? ती पन नोकरच हाय."

मी बाहेर येऊन पायरीवर बसले. बस केव्हाच निघून गेली होती.

तो बरा होऊन कामावर येण्याच्या सुमाराला नवी गॅस्केट आली. मी स्वतः उभी राहून एकेक बसवून घेतली. गळती थांबली. त्याच्या उजव्या हाताची बोटं मात्र पुरती मिटत नव्हती, म्हणून त्याला गेटवर बसवलं.

पहिल्याच दिवशी बसमध्ये त्याने मागून हाक मारली. "म्याडम, आता गलत नाय ना?"

"नाही."

"बरं झालं," तो म्हणाला. त्याला खरोखरच बरं वाटलं होतं. मला मान वळवून त्याच्याकडे बघता येईना.