गाडीचं पाणी

"आदी तिला, मग मला," असं म्हणून तो हातातली कपबशी खाली ठेवायचा आणि पाण्याचा डबा उचलायचा.

ती म्हणजे गाडी. भोरहून वेल्ह्याला जाणारी सकाळची गाडी. कापूरहोळला, नसरापूरला, जिथं म्हणून गाडी घडीभर टेकायची, तिथं हा ड्रायव्हर स्वतःच्या घशाखाली घोट उतरवण्याआधी तिच्या इंजिनात पाणी ओतायचा. मग फडक्यानं बॉनेट पुसायचा. तोवर त्याच्या चहावर साय धरायची. कुणी हसलंच तर म्हणायचा, "सासुरवाशीण हाय ती. त्वांडानं मागत न्हाई. आपुनच समजून द्यायचं."

त्या काळात तुम्ही मोटारीनं फिरला असाल, तर ड्रायव्हर नावाची जमात तुम्हाला चांगली ठाऊक असेल. हात केला की मुद्दाम पुढं जाऊन थांबायचं, म्हातारी गाठोडं सांभाळत धावत आली की "आजे, जेवली न्हाईस का?" म्हणून वर तिलाच हसायचं, आणि ती पायरीवर चढते न चढते तोच गाडी हाकायची. हा त्यातला नव्हता. लांब शेताच्या बांधावर एखादा पटका हलताना दिसला तरी हा गाडी उभी करायचा. कंडक्टर घंटीवर घंटी मारी. हा खिडकीत कोपर टेकून म्हणे, "येऊ द्या की. त्याला काय पंख हायेत?"

मी तेव्हा देवी टोचायच्या कामावर होतो. खेडोपाडी हिंडायचं, पोरांचे दंड धरायचे, सुई टोचायची आणि आयांच्या शिव्या खायच्या, असलं ते काम. लोक मला दाक्तर म्हणत, आणि त्यांची ही चूक मी कधी दुरुस्त केली नाही. आठवड्यातले बरेच दिवस माझा मुक्काम त्याच्या गाडीतच असे म्हणा ना.

मेंढरं रस्त्यावर आली की तो हॉर्न वाजवत नसे. इंजिन बंद करून स्वस्थ बसायचा. एकदा एक धनगर पाय मोडलेलं कोकरू घेऊन गाडीत चढला आणि कंडक्टरनं त्याच्याशी हुज्जत घातली. जनावर आत चालणार नाही, टपावर टाक म्हणाला. ड्रायव्हरनं मागं वळून ते कोकरू स्वतःकडं मागून घेतलं आणि सीटच्या कडेला निजवलं. "आता ते माझ्याकडं हाय. माझं तिकीट फाडतोस का?" वेल्ह्यापर्यंत ते कोकरू त्याच्या विजारीचं टोक चघळत होतं.

पण मऊपणा म्हणजे भोळेपणा नव्हे. एका पुढाऱ्यानं खिडकीतून पानाची पिचकारी मारली, ती गाडीच्या अंगावर ओघळली. यानं गाडी थांबवली, डबा भरून आणला आणि हात जोडून त्या गृहस्थापुढं धरला. "मालक, तेवढं धुवून घ्या. आमाला उशीर न्हाई." पुढाऱ्यानं खाली उतरून सगळ्यांदेखत पत्रा धुतला. आम्हाला तो दिवस सणासारखा वाटला.

आता त्या चढणीविषयी सांगतो. गावाचं नाव मुद्दामच सांगत नाही. वेल्ह्याच्या अलीकडं एक लांब चढ होता आणि तो संपता संपता गाडी हटकून तापायची. गाव तिथून आत, विहीर त्याच्याही पलीकडं. रस्त्याला लागून होती ती गावकुसाबाहेरची वस्ती. तेव्हा सगळे तिला महारवाडा म्हणत. वस्तीचा स्वतःचा एक झरा होता, दगडांनी बांधून काढलेला, उन्हाळ्यातही न आटणारा.

पहिल्यांदा गाडी तिथं वाफा सोडत उभी राहिली तेव्हा एक म्हातारी घागर घेऊन वर येत होती. यानं पाणी मागितलं. ती थबकली. "आमचं पानी हाय, बाबा. चालंल का?"

"इंजनाला जात नसती, मावशी," असं म्हणून यानं तिच्या हातातली घागर घेतली.

हे उत्तर गाडीत सगळ्यांना फार आवडलं. पुढं कितीतरी दिवस लोक ते एकमेकांना सांगत होते. मलाही आवडलं होतं. त्यात माणसाविषयी काहीच म्हटलेलं नाही, हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

तेव्हापासून म्हातारी रोज गाडीच्या वेळेला घागर घेऊन उभी राही. हा तिला कधी भोरच्या बाजारातली तंबाखू आणून देई. इंजिन गार होईतो दोघं बोलत. तिचा लेक मुंबईला गिरणीत होता, तो तिला न्यायला बघत होता आणि ती जायला तयार नव्हती. याला एकच मुलगी होती, तिच्या लग्नाचा घोर होता. "चांगली जागा मिळंल," म्हातारी म्हणायची, "तुमी समद्यास्नी संबाळून नेता. द्येव बगतो."

आणि खरंच जागा मिळाली. याच रस्त्यावरच्या एका गावात, खात्यापित्या घरात. वैशाखातल्या एका दिवशी मुलाचा बाप सुपारी फोडायचं ठरवायला भोरला येऊन परत निघाला होता. त्याला यानं आपल्या शेजारच्या पुढच्या बाकावर मानानं बसवलं होतं. लग्नसराईमुळं गाडी खचाखच भरलेली. निघायलाच उशीर झालेला, त्यामुळं नसरापूरला चहा घ्यायलाही त्याला सवड मिळाली नाही. फक्त गाडीला पाणी पाजलं आणि निघालो.

चढ संपला. गाडी उकळत होती. म्हातारीनं घागर दिली, यानं ती सबंध रिकामी केली. रेडिएटर काठोकाठ भरला. म्हातारी त्याच्या तोंडाकडं बघत होती. ओठ पार सुकले होते त्याचे. ती झोपडीकडं गेली आणि एक तांब्या घेऊन आली. राखेनं घासून लख्ख केलेला.

"घोटभर प्या, बाबा. तोंड बगा कसं झालंय."

त्यानं तांब्या हातात घेतला. घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गाडीतले सगळे खिडक्यांकडं सरकले. पुढच्या बाकावरचा गृहस्थ मान पुढं काढून बघू लागला. ड्रायव्हरनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग हसला, म्हणाला, "आदी तिला, मावशी!" आणि तो तांब्या त्यानं रेडिएटरमध्ये ओतला.

रेडिएटर भरलेलाच होता. पाणी वरून उतू आलं, तापल्या पत्र्यावर चर्रकन वाजलं आणि खाली मातीत गेलं. गाडीतले लोक मोकळं हसले. "डायवर असा पायजे," व्याही म्हणाला.

म्हातारीनं रिकामा तांब्या घेतला. "तिचं भरलं हुतं की, बाबा," ती हळूच म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवशी उतारावर त्याच्याकडून इंजिन दोनदा बंद पडलं. आणि "आदी तिला" हे शब्द त्यानंतर मी त्याच्या तोंडून ऐकले नाहीत. नसरापूरला तो आता चहाच घेत नसे.

दुसऱ्या दिवसापासून घागर रस्त्याकडेच्या दगडावर भरून ठेवलेली असे, म्हातारी नसे. जो माणूस मेंढरांना हॉर्न वाजवत नव्हता, तो तिथं थांबून हॉर्न वाजवायचा. झोपडीचं दार उघडंच असायचं, पण बाहेर कुणी यायचं नाही. त्याची मान खाली जायची. मला ते बघवत नसे.

भोरच्या स्टँडवर तो मला एकदा म्हणाला, "दाक्तर, तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला माझीच लाज वाटती. लेकीचं बगितलं म्या, दुसरं काय न्हाई. पर ती बी कुनाची तरी आईच की."

मी त्याची समजूत घातली. समजूत घालणं मला सोपं होतं. त्याच वस्तीत मी पोरांचे दंड हातात धरायचो, आणि कुणी पाणी पुढं केलं की "आत्ताच प्यालो" म्हणायचो. माझी युक्ती त्याच्यापेक्षा जुनी होती. तिला कुणी हसलं नव्हतं एवढंच.

मुलीचं लग्न झालं. पुढं त्या वस्तीनं धर्म बदलला आणि गावकीची जुनी कामं सोडायचं ठरवलं. मेलेली गुरं ओढायची नाहीत, सांगावे घेऊन पळायचं नाही, कुणाच्या घोड्या-गाडीसाठी रस्त्यावर पाणी आणायचं नाही. दगडावरची घागर दिसेनाशी झाली. गाडीतले लोक चिडले. "माजली लेकाची," असंही कुणी म्हणालं. यानं वळून त्या माणसाकडं नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो भोरहूनच पाण्याचे डबे भरून आणू लागला.

एकदा मी त्या वस्तीत देवी टोचत होतो. भर दुपारी हा रस्त्यानं चालत येताना दिसला. त्याची सुट्टी होती. अंगात खाकी नव्हती, धोतर होतं. म्हातारीच्या दारासमोर येऊन तो उभा राहिला.

"मावशी, पानी पायजे."

"गाडीला द्यायचं आमी बंद केलंय."

"मला पायजे."

म्हातारीनं रस्त्याकडं पाहिलं. "गाडी कुठं हाय?"

"आज सुट्टी हाय. म्हनून तर आलो."

"मग न्हाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "गाडी हुबी असंल तवा या. मानसं बसल्याली असत्याल तवा. तवाच वतलंत ना तुमी?"

तो "व्हय," म्हणाला आणि आल्या वाटेनं परत गेला. मी सुई हातात धरून तसाच बसलो होतो. म्हातारीनं मला पाणी विचारलं नाही. ती आता ओळखून होती.

त्यानंतर रोज तिथं गाडी थांबायची. गरज नसली तरी थांबायची. तो खाली उतरायचा, बॉनेटवर हात ठेवून वस्तीकडं बघायचा आणि पुन्हा चढायचा. लेकीचं सासर पुढच्याच गावात, आणि तिथलं कुणी ना कुणी गाडीत असायचंच. लोकांना वाटायचं, म्हातारा झाला, थकला. मला कारण ठाऊक होतं.

मग त्याची बारामतीकडं बदली झाली. शेवटच्या दिवशी भोरला गाडीत चढताना तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "लेकीला इचारलं. सगळं सांगितलं तिला. ती म्हनली, बाबा, प्या. माझं मी बगून घीन."

चढ संपला आणि त्यानं गाडी वस्तीसमोर उभी केली. इंजिन बंद केलं. डोक्यावरची टोपी काढून सीटवर ठेवली आणि पायवाटेनं वर चालू लागला. म्हातारी दारात आली. तो तिच्या ओट्यावर बसला, रस्त्याकडं तोंड करून, आम्हा सगळ्यांना दिसेल असा.

ती आत पाणी आणायला वळली, आणि गाडीतल्या एका म्हाताऱ्यानं मान फिरवली. त्याच्या मागच्यानं फिरवली. मग बायकांनी पदर ओढून तोंडं वळवली. कंडक्टरनं तिकिटांच्या पेटीत डोकं घातलं. बघता बघता सबंध गाडी दुसऱ्या बाजूच्या खिडक्यांतून बाहेर पाहू लागली. त्या बाजूला एक उघडाबोडका डोंगर होता. आमच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला सांगितलंच पाहिजे. चांगल्या माणसाची लेक सासरी नांदतेय, आपण पाहिलंच नाही म्हणजे बोभाटा व्हायला नको. आपण त्याच्यावर उपकार करतो आहोत, असंच प्रत्येकाला वाटत होतं.

तो परत आला तेव्हा त्याच्या मिशीवर पाणी होतं. त्यानं ते पुसलं नव्हतं. सीटवर न बसता तो दारातच आमच्याकडं तोंड करून उभा राहिला. किती दिवसांनी त्याचा चेहरा मोकळा दिसत होता!

"बगितलं न्हवं समद्यांनी? म्या पानी प्यालो."

तो पहिला म्हातारा मायेनं म्हणाला, "कायबी काळजी करू नगा, डायवरसाहेब. आमी कुनीबी काय बगितलं न्हाई."

त्याचा चेहरा असा उतरला की सांगता येत नाही. "आवं, पर बगाय पायजे हुतं," तो म्हणाला. मग त्यानं माझ्याकडं पाहिलं. "दाक्तर, तुमी तरी?"

"चला आता," मी म्हणालो, "उशीर होतोय."

तो सीटवर बसला. टोपी घातली. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली.

तेव्हा कुठं मी मान वळवली. म्हातारी ओट्यावर पुढं येऊन उभी होती, रिकामा तांब्या हातात धरून. सरकणाऱ्या एकेका खिडकीकडं बघत होती, कुणाचा चेहरा आपल्याकडं आहे का म्हणून. तिची नजर माझ्या खिडकीपर्यंत येतेय असं दिसलं, तसा मी पुन्हा डोंगराकडं पाहू लागलो.